‘द स्टार वॉर्स’, मे १९७४ : मसुद्यापासून सोळा पानांपर्यंत

२ मार्च

कामाची हद्द आज ठरली. चित्रपटकार जॉर्ज लुकास यांनी मे १९७४ मध्ये पूर्ण केलेला ‘द स्टार वॉर्स’च्या पटकथेचा कच्चा मसुदा घ्यायचा, त्यातले तीन तुकडे निवडायचे आणि त्यांची मराठीत सोळा कॉमिक पानं करायची. हे काम अभ्यासापुरतं आहे. हक्क लुकासफिल्म या कंपनीचे असल्यामुळे विक्री नाही, वाटप नाही, छपाई फक्त पडताळणीच्या प्रतीपुरती.

या मसुद्यावरून पूर्ण कॉमिक आधीच झालेलं आहे. डार्क हॉर्स या अमेरिकन कॉमिक प्रकाशनाने सप्टेंबर २०१३ पासून आठ अंकांची मालिका काढली. लेखन जे. डब्ल्यू. रिन्झलर, चित्रं माइक मेह्यू, रंग रेन बेरेडो. रिन्झलर लुकासफिल्ममध्येच संपादक होते आणि चित्रपटाच्या निर्मितीवरचं मोठं पुस्तक त्यांनी २००७ मध्ये लिहिलं होतं. मसुद्यातला कोणता धागा पुढे कुठे गेला हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना माहीत असेल. ती मालिका आम्ही उत्तरपत्रिका म्हणून वापरणार आहोत. आपली कच्ची मांडणी आधी करायची, त्यांचं पान मग उघडायचं. उलटं केलं की डोळा त्यांच्या चौकटी सोडत नाही.

४ मार्च

पहिली अडचण मूळ प्रतीची. ‘पहिला मसुदा’ या नावाखाली निरनिराळे मसुदे फिरतात आणि नुसतं मुखपृष्ठ पाहून ते कळत नाहीत. ओळखायची खूण नावांत आहे.

केन स्टारकिलर, त्याचा मुलगा ॲनिकिन, ‘जेडाय बेंडू’ आणि ‘सिथ’ असे (एकमेकांविरुद्धच्या योद्ध्यांच्या पंथांचे) शब्द असतील तर ती मे १९७४ ची प्रत, म्हणजे आपली. तीच गोष्ट, पण मुलगा जस्टिन व्हॅलर, राजकन्या झारा आणि ‘डाय नोगा’ असं दिसलं तर ती जुलै १९७४ ची. त्या मसुद्यात कथा जवळपास तशीच आहे, नावं मात्र सरसकट बदललेली आहेत. ‘ल्यूक स्टारकिलर’ नावाचा तरुण भेटला तर आपण १९७५ च्या मसुद्यात आहोत, आणि ती गोष्टच वेगळी.

हे काटेकोरपणे पाहायचं कारण असं की एखादा प्रवेश नीट वाचता येईना म्हणून दुसऱ्या प्रतीतून उचलला, तर पात्राचं नाव अध्येमध्ये बदलतं. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत मसुद्याचा महिना आणि साल लिहायचं.

९ मार्च

प्रवेशांची यादी तयार झाली. तक्त्यात आठ रकाने: प्रवेश क्रमांक, ठिकाण, दिवस की रात्र, हजर पात्रं, बोललेल्या शब्दांची संख्या, नवी माहिती कोणती, चित्रात दिसेल अशी कृती कोणती, आणि शेवटचा रकाना ‘गाळला तर काय तुटतं’.

शेवटचा रकाना सगळ्यांत उपयोगी पडला. या मसुद्यात माणसं फार आहेत आणि बहुतेकांना एकदाच बोलायचं असतं. दरबारातल्या प्रवेशात सहा जण बोलतात, पण त्यातल्या चौघांना काढलं तरी पुढे काहीच अडत नाही. पडद्यावर गर्दीतला एक चेहरा दोन सेकंद बोलून जातो आणि खपतो. कॉमिकमध्ये त्याच चेहऱ्याला चौकट लागते, फुगा लागतो, आणि वाचक समजतो की हा पुन्हा येणार.

निवडलेले तुकडे: पहिला, उटापाऊच्या चौथ्या चंद्रावर केन, ॲनिकिन आणि धाकटा डीक, सिथ योद्ध्याचा हल्ला, डीकचा मृत्यू. दुसरा, अक्विले ग्रहावरचा दरबार आणि केनची ल्यूक स्कायवॉकरशी भेट. तिसरा, शेवटचा अवकाशदुर्गावरचा हल्ला. एक हालचालीचा, एक बोलण्याचा, एक सतत जागा बदलणारा. तीन प्रकारच्या चुका होतील म्हणूनच हे तीन घेतले.

१५ मार्च

पानांचा हिशेब.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, हा चित्रपटवाल्यांचा ठोकताळा. त्यावरून कॉमिकची पानं काढायला गेलो आणि पहिला आराखडा पूर्ण फसला. उटापाऊच्या भागाला मिनिटांच्या हिशेबाने चार पानं आली, दरबाराला आठ. प्रत्यक्षात उलट हवं होतं. मारामारीच्या तीन ओळी लिहायला तीन ओळीच लागतात, पण तलवार उगारली, अडवली, पाय घसरला, वार बसला, या प्रत्येकाला वेगळी चौकट लागते. बोलणं मात्र दाबता येतं: एका चौकटीत दोन फुगे, प्रश्न आणि उत्तर.

म्हणून मोजायचं एकक बदललं. मिनिट सोडून ‘ठोका’ धरला. ठोका म्हणजे चित्रात किंवा माहितीत झालेला एक बदल. एका ठोक्याला एक चौकट, एका पानाला सरासरी पाच ते सहा चौकटी, आणि शब्दांची वरची मर्यादा चौकटीला ३५, पानाला २१०. ही मर्यादा अमेरिकन कॉमिकवाल्यांची जुनी आहे. इंग्रजीसाठी असली तरी मराठीला ती सैल नाही, घट्टच वाटते. त्याचं कारण २० एप्रिलच्या नोंदीत.

नवा हिशेब: उटापाऊ ३८ ठोके, ७ पानं. दरबार आणि भेट २४ ठोके, ४ पानं. दुर्गावरचा हल्ला ३१ ठोके, ५ पानं. एकूण १६. एका छपाई-घडीत सोळा पानं बसतात, तेव्हा कागदही वाया जात नाही.

१६ मार्च

पान उलटण्याचे ठोके आजच नक्की करून टाकले, कारण नंतर एक पान वाढलं तरी हे सगळे सरकतात. पान १ उजवीकडे येतं. पान उलटल्यावर पहिलं दिसतं ते डावीकडचं, सम क्रमांकाचं. म्हणून जे अचानक दिसायला हवं ते सम पानाच्या पहिल्या चौकटीत: सिथ योद्धा पान ४ वर, केनच्या शरीराचं गुपित पान १० वर, दुर्गाचा स्फोट पान १६ वर. विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी चौकटीबाहेर पाहत असावं, म्हणजे हात आपोआप पान उलटतो.

२२ मार्च

आज संकल्पचित्रांचा प्रश्न घेतला, आणि या कामातला खरा वाद इथेच आहे.

हा मसुदा वाचताना डोळ्यांपुढे १९७७ चा चित्रपट येतोच. मसुद्यात मात्र तो नाही. ल्यूक स्कायवॉकर हा साठीचा सेनापती आहे. हान सोलो हिरव्या कातडीचा, माशासारखे कल्ले असलेला धिप्पाड परग्रहवासी आहे. डार्थ व्हेडर साम्राज्याचा सेनापती आहे, सिथ नाही. यंत्रमानव आर्टू डीटू बोलतो, आणि चांगला भांडतो. लेसर-तलवार कुणा एका पंथाची मिरास नाही, साधे सैनिकही ती वापरतात. ‘स्टार डिस्ट्रॉयर’ म्हणजे मैलभर लांबीचं जहाज नसून दोघांनी चालवायचं लढाऊ विमान आहे.

पहिल्या दिवशीच्या रेखाटनांत यातल्या तीन गोष्टी चुकल्या, तीनही सवयीने. आर्टूला तोंडाचा भागच ठेवला नव्हता, त्यामुळे फुग्याची शेपटी कुठे टेकवायची हा प्रश्न आला. सैनिकांच्या कमरेला तलवार नव्हती. आणि ‘स्टार डिस्ट्रॉयर’ त्रिकोणी जहाज झालं होतं, मग त्याच्यासमोर माणसाचा चेहरा दाखवणं अशक्य. मसुद्यातलं लहान विमान धरलं की त्या प्रवेशाचं गणित जुळतं, कारण चालक दिसतात आणि त्यांना बोलता येतं.

मेह्यूंनी चित्रपटाचे संकल्पचित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांच्या सुरुवातीच्या संकल्पचित्रांचा आधार घेतला. वाचकांसाठी तो निर्णय मला बरोबर वाटतो, पुस्तक त्यामुळे देखणं झालं. पण कालक्रमाने पाहिलं तर मॅक्वॉरींची पहिली रंगचित्रं १९७५ च्या सुरुवातीची, दुसऱ्या मसुद्याच्या वेळची. म्हणजे १९७४ च्या शब्दांना १९७५ चे कपडे. आमच्या सोळा पानांत उलट प्रयोग करायचं ठरवलं: मे १९७४ नंतर अस्तित्वात आलेलं एकही चित्र संदर्भाला घ्यायचं नाही. ही तारखेची भिंत.

भिंतीच्या अलीकडे बरंच सापडतं. अपोलोचे अवकाशपोशाख (शेवटचं चांद्रावतरण डिसेंबर १९७२). स्कायलॅब या अवकाशस्थानकाचं आतलं सामान, जाळीची जमीन, उघड्या तारा. एफ-४ फँटम या लढाऊ विमानाची पुढे-मागे दोन आसनांची विमानकोठी, जी मसुद्यातल्या दोघांच्या विमानाला चपखल बसते. दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई चकमकींचे चित्रफितींचे तुकडे, ज्यांवर लुकास यांनीही पुढे अवकाशयुद्धाची मांडणी केली. काट्यांच्या तबकड्या, फुगीर काचेचे पडदे, चुंबकीय फितीची चाकं. सपाट पडदा एकही नाही.

२३ मार्च

केनबद्दल एक सूचना, सगळ्या पानांना लागू. दुसऱ्या तुकड्यात कळतं की त्याचं डोकं आणि उजवा हात एवढंच हाडामांसाचं उरलंय, बाकी यंत्र आहे. वाचकाला हे पान १० पर्यंत कळता कामा नये, पण चित्रकाराला पान १ पासून माहीत हवं. म्हणून: डाव्या हाताला कायम हातमोजा, गळा झाकलेला, जड वस्तू नेहमी डाव्या हाताने उचलतो, बसताना वाकत नाही. पान १० नंतर मागे पाहणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. पहिल्या फेरीत पान ३ वर डावा पंजा उघडा निघाला होता, तो दुरुस्त केला.

३० मार्च

कच्च्या मांडणीची पहिली फेरी. प्रत्येक पान ६ × ९ सेंटिमीटरच्या खणात, जाड पेन्सिलीने, चेहऱ्यांशिवाय. या आकारात जे कळत नाही ते मोठं केल्यावरही कळत नाही.

फुगे याच टप्प्यावर काढायचे. चित्र पूर्ण झाल्यावर फुगे ठेवले की ते डोक्यांवर, हातांवर बसतात. आधी बोलणारा डावीकडे, उत्तर देणारा उजवीकडे. उटापाऊच्या पान २ वर ॲनिकिन उजवीकडे होता आणि आधी बोलत होता, त्यामुळे दोन फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदत होत्या. शेपट्या छेदल्या की ते चित्र फेकून नव्याने करायचं, शेपटी वाकवून भागत नाही.

पहिल्या निवेदनाबद्दल. मसुद्याच्या आरंभी जेडाय बेंडूंचा इतिहास सांगणारा, शंभराच्या आत शब्दांचा मजकूर आहे. पडद्यावर तो सरकतो. पानावर सरकत नाही, नुसता ठोकळा होऊन बसतो. तीन तुकडे केले आणि पान १ च्या तीन आडव्या चौकटींवर ठेवले: अवकाश, चंद्राचा पृष्ठभाग, दरीतून चालत येणारा ॲनिकिन. मजकूर खाली उतरतो तसा डोळाही उतरतो, आणि शेवटच्या वाक्यात सिथांचं नाव येतं तेव्हा चित्रात मुलगा एकटा असतो.

६ एप्रिल

मूळ मालिकेशी ताडून पाहिलं. आमची मांडणी जास्त चौकटींची आणि चिंचोळी, त्यांची मोकळी. आठ अंक म्हणजे अंकाला २२ पानं धरली तरी पावणेदोनशेच्या आसपास पानं होतात, तेव्हा त्यांना रुंद चौकट परवडते. सोळा पानांत प्रत्येक मोठ्या चौकटीची किंमत कुठल्यातरी दुसऱ्या पानाने मोजायची असते. तीन मोठ्या ठेवल्या, बाकी सोडल्या.

१३ एप्रिल

आजचा सगळा दिवस संबोधनांवर गेला. इंग्रजी मसुद्यात सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत तू, तुम्ही की आपण हे ठरवल्याशिवाय एक वाक्य लिहिता येत नाही, आणि ठरवलं की नात्याबद्दल मसुद्यापेक्षा जास्त काहीतरी सांगून होतं. म्हणून जोड्यांची यादी केली आणि भिंतीवर लावली.

ॲनिकिन आणि डीक वडिलांना ‘बाबा, तुम्ही’. घर योद्ध्याचं आहे, शिस्तीचं आहे. दहा वर्षांचा डीक अठराच्या ॲनिकिनला ‘दादा’ म्हणतो. यावर दोन मतं होती. परग्रहावर ‘दादा’ कानाला खटकेल, असं एक. पण मराठी वाचकाला हे दोघं भाऊ आहेत, कोण मोठा, किती जिव्हाळा, हे त्या एका हाकेत कळतं आणि निवेदनाची एक पट्टी वाचते. पान ५ वर त्याच्या तोंडी शेवटची हाक तीच आहे. ‘दादा’ ठेवलं.

केन आणि स्कायवॉकर जुने सोबती, एकमेकांना ‘तू’. पण दरबारात, इतरांसमोर, ‘सेनापती, तुम्ही’. दार बंद झालं की ‘तू’. या बदलामुळे मैत्री सांगणारा संवादच काढून टाकता आला. ॲनिकिन स्कायवॉकरला ‘तुम्ही’. राजा केयॉसला सगळे ‘महाराज, आपण’. दुसरा यंत्रमानव थ्रीपिओ सगळ्यांना ‘आपण’, फक्त आर्टूला ‘अरे’. आर्टू सरसकट सगळ्यांना अरेतुरे, राजकन्येलाही. त्याची ओळख करून द्यायला आणखी काही लागत नाही.

स्कायवॉकरला कुणीही ‘ल्यूक’ म्हणून हाक मारायची नाही. ते नाव कानावर पडलं की वाचकाच्या मनात शेतावरचा पोरगा उभा राहतो आणि पुढची दोन पानं तो गोंधळलेला असतो. ‘सेनापती स्कायवॉकर’ हेच, आणि पहिल्यांदा येतो त्या चौकटीत पांढरी दाढी आणि नाव एकत्र.

‘मे द फोर्स ऑफ अदर्स बी विथ यू’ हे वाक्य. या मसुद्यात ते आशीर्वादापुरतं आहे, कुणी मनाच्या बळावर वस्तू हलवत नाही. म्हणून पुढच्या चित्रपटांतला वजनदार अर्थ त्यात भरायचा नाही. ‘फोर्स’ तसाच ठेवला तर तो अर्थ आपोआप येतो. ‘इतरांचं बळ तुझ्या पाठीशी असो’ असं केलं. घाईत म्हणतात तिथे ‘बळ पाठीशी असो’ एवढंच.

१४ एप्रिल

जोर दाखवण्याबद्दल. इंग्रजी कॉमिकमध्ये वाक्यातला एखादा शब्द ठळक करतात, तिथे वाचकाने आवाज चढवायचा. मराठीत ते काम ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’ आणि शब्दांचा क्रम करतात. ‘मी जाणार’ आणि ‘मीच जाणार’ यांत ठळक अक्षराची गरज नाही. पहिल्या खर्ड्यात इंग्रजीच्या जागा पाहून ४० शब्द ठळक केले होते. सगळे साधे केले, २२ ठिकाणी ‘च’ किंवा क्रम बदलून भागलं, बाकी ठिकाणी मुळात जोरच नको होता. ठळक अक्षर आता फक्त ओरडण्याला.

२० एप्रिल

अक्षरजुळणीची चाचणी.

संवादाला ‘कलम’, निवेदनाला ‘मुक्त’, आरडाओरड्याला ‘बलू २’ हे टंक. तीनही मोफत आणि मुक्त परवान्याचे. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकसंस्थेचे. कलमला हस्ताक्षराचा झोक आहे, शिवाय तीन वजनं आहेत. तिरकं अक्षर कुठेही वापरायचं नाही. देवनागरीत संगणकाने तिरकं केलेलं अक्षर म्हणजे ढकललेलं अक्षर, त्यात काने पडल्यासारखे दिसतात.

मोजमाप: १०० इंग्रजी शब्दांचं मराठी आमच्या मजकुरात ७५ ते ८५ शब्दांत येतं, कारण ‘च्या’, ‘साठी’, ‘मध्ये’ शब्दालाच चिकटतात. पण जागा तेवढीच लागते, कधी जास्त. एक तर शब्द लांब होतात आणि अरुंद फुग्यात ओळ नीट भरत नाही. दुसरं, ओळीच्या वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, यांना उंची लागते. इंग्रजी कॉमिकची ठरावीक अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली, वर-खाली काहीच नसतं, म्हणून त्या ओळी घट्ट बसतात. कलम ९ पॉइंट आणि ओळीचं अंतर ११ ठेवलं तेव्हा ‘मूर्ख’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘कैद’च्या मात्रेवर आदळला. शेवटी ९.५ वर १३.५ ठरलं. म्हणजे अक्षराच्या साधारण १.४ पट.

फुग्याच्या आत वरच्या बाजूला खालच्यापेक्षा १ मिलिमीटर जास्त जागा सोडायची. शिरोरेषा सरळ असते आणि फुगा गोल, त्यामुळे पहिली ओळ रुंद झाली की तिची टोकं कडेला टेकतात. पहिली ओळ आखूड, मधल्या रुंद, शेवटची आखूड. शब्द मध्ये तोडायचा नाही. ‘सेनापतींच्याबरोबर’सारखा शब्द आला की वाक्यच बदलायचं: ‘सेनापतींसोबत’.

२१ एप्रिल

अक्षरं फुटण्याच्या तक्रारी एकत्र करून ठेवतो, पुढच्याला उपयोगी पडतील.

इलस्ट्रेटरमध्ये ‘स्थिती’ची वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षरं सुटतात. कारण परिच्छेदाचा संयोजक (अक्षरं आणि ओळी जुळवणारी सोय) युरोपीय लिप्यांचा असतो. मध्यपूर्व व दक्षिण आशियाई संयोजक निवडला की ठीक. इनडिझाइनमध्ये तोच पर्याय ‘वर्ल्ड-रेडी’ नावाने आहे. जुन्या फाइलमधून चिकटवलेला मजकूर स्वतःचा जुना संयोजक घेऊन येतो, म्हणून चिकटवताना साधा मजकूर म्हणूनच चिकटवायचा. इंकस्केपमध्ये हा त्रास आला नाही.

‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला चंद्रकोरीसारखा र. ऱ + ् + य असा टंकला तरच तो येतो. साधा र वापरला की ‘दुसर्या’ होऊन य वर रफार बसतो. १६ पानांत असे १९ शब्द निघाले, त्यात ७ चुकीचे.

‘ॲनिकिन’मधला ॲ. युनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर आहे, पण काही कळफलक अ आणि वरची अर्धचंद्र मात्रा असे दोन तुकडे देतात. दिसायला सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा राहतो. मुख्य पात्राचं नाव ६१ ठिकाणी होतं, १४ ठिकाणी दोन तुकड्यांचं. सगळे एकसारखे केले.

मराठी वळणाचे ‘श’ आणि ‘ल’ हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते आणि टंकात ती रूपं असावी लागतात. हिंदी नोंद राहिली तर वळण हिंदी.

२७ एप्रिल

आवाजांचे शब्द हाताने काढले, टंक नाही. तलवारीला ‘झूंऽऽ’, धातूवर धातूला ‘खण्ण’, दार बंद होण्याला ‘थाड्’, स्फोटाला ‘धडाऽऽम’. लांबवायला अवग्रह (ऽ), रोमन अक्षर नाही. जुन्या टंकांतल्या सवयीने तसं होतं आणि नंतर टंक बदलला की उघडं पडतं.

देवनागरीचा एक फायदा इथे कळला. शिरोरेषा म्हणजे आयती गतिरेषा. तलवारीच्या वाराची वक्ररेषा हीच ‘झूंऽऽ’ची शिरोरेषा केली, अक्षरं तिला लटकली. पान ४ वर ती सिथच्या पात्यापासून निघून डीकपर्यंत जाते. इंग्रजीत हे जमलं नसतं.

४ मे

दुर्गावरचा हल्ला, पान १२ ते १६. हा तुकडा सर्वांत जास्त वेळा मोडून केला.

मसुद्यात विमानं चालवणारे वूकी (केसाळ परग्रहवासी), आत अडकलेले ॲनिकिन आणि राजकन्या लेया, त्यांच्या बाजूला वळलेला सिथ योद्धा व्हॅलोरम, सगळं आलटून पालटून दिसतं. पडद्यावर अशी एक कापणी (कट) दोन सेकंदांची. पानावर प्रत्येक कापणीला चौकट, आणि प्रत्येक चौकटीत वाचकाला नव्याने कळावं लागतं की आपण कुठे आहोत. तिसऱ्यांदा जागा बदलल्यावर कच्च्या मांडणीतही गोंधळ झाला.

उपाय तीन. एका पानावर दोनच ठिकाणं. आतल्या चौकटींची कडा सरळ आणि पार्श्वभूमी राखाडी, बाहेरच्यांची कडा नाही आणि पार्श्वभूमी काळी, म्हणजे अक्षर वाचण्याआधीच ठिकाण कळतं. आणि दिशा: हल्लेखोर विमानं कायम डावीकडून उजवीकडे, दुर्गाची मारगिरी उजवीकडून डावीकडे. पान १३ वर एक विमान देखणं दिसतं म्हणून उलटं काढलं होतं, ते पळून जातंय असं वाटलं. सुलट केलं.

३१ पैकी ५ ठोके शेजारच्या चौकटींत विलीन केले.

११ मे

छपाईच्या फाइली.

कापलेलं पान १६८ × २६० मिलिमीटर, अमेरिकन कॉमिकचा आकार. चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा, म्हणून फाइल १७४ × २६६. मूळ चित्रं दीडपट, २६१ × ३९९, ए-३ कागदावर आरामात बसतात. दीडपटीतली ०.३ मिलिमीटरची रेघ छापल्यावर ०.२ होते. मुळात ०.१५ च्या खाली रेघ नको, ती तुटते. रेघांचा थर ६०० डीपीआय (इंचाला ६०० बिंदू), म्हणजे ४११० × ६२८३ बिंदू. रंगांचा थर ३००. फुगे आणि अक्षरं बिंदूंत न मोडता वेगळ्या थरावर. रंगाच्या थरात मिसळली की ३०० डीपीआयवर अनुस्वार चौकोनी दिसतो.

मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, खालच्या रंगावर छापला जाईल असा. चार शायांची काळी अक्षरं थोडी जरी सरकली की रफारांना रंगीत सावली येते.

अवकाशाचं काळं वेगळं. नुसती काळी शाई कागदावर करडी दिसते. निळी ६०, लाल ४०, पिवळी ४०, काळी १०० अशी बेरीज २४० ठेवली, कोटिंग नसलेल्या कागदाला ती झेपते.

१८ मे

पडताळणीची प्रत आली. १०० ग्रॅमचा कोटिंग नसलेला कागद, ए-३ चे चार ताव, मध्ये पिन.

बिघाड एक: पान १ वरचं पांढरं निवेदन. चार शायांच्या काळ्यात पांढरी अक्षरं कोरलेली, त्यामुळे शाई पसरून मात्रा बुजल्या, ‘के’ आणि ‘कै’ सारखे दिसायला लागले. त्या पट्टीखाली फक्त निळी ६० आणि काळी १००, अक्षर मुक्त मध्यम वजनाचं १२ पॉइंट. दुसऱ्या प्रतीत वाचता आलं.

बिघाड दोन: तारे. ०.२ मिलिमीटरचे पांढरे ठिपके बुजले. ०.४ च्या खालचे सगळे काढले. तारे कमी झाल्यावर अवकाश जास्त खोल दिसतं, हे अनपेक्षित.

बिघाड तीन: पान ८–९ ची जोडी. मधल्या तावावर असल्याने ती पूर्ण उघडते आणि दरबाराचं रुंद चित्र छान बसलं, पण पिन बरोबर राजाच्या चेहऱ्यावर. चित्र १२ मिलिमीटर डावीकडे सरकवलं.

बिघाड चार: घडीत आतले ताव बाहेर सरकतात. चार तावांत जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण पान ७ आणि १० वरचे कडेचे फुगे कापाच्या फार जवळ आले. फुगा कापापासून किमान ६ मिलिमीटर आत, हा नियम आता सगळ्या पानांना.

१९ मे

पान १० पुन्हा पाहिलं. केन अंगरखा उघडतो ती चौकट मोठी आहे, बरोबर जागी आहे, पण तिच्यात दोन फुगे आहेत. स्कायवॉकरचा फुगा पान ११ च्या पहिल्या चौकटीत नेला, केनचाही काढला. चित्रातच सगळं आहे, आणि पान ३ आणि ६ वरचा हातमोजा तिथे अर्थाला येतो.

बाकी कामं: पान ५ वरच्या ‘दादा’चा फुगा लहान करून कडा थरथरती. पान १४ वर आर्टूच्या फुग्याची शेपटी अजून छातीवर टेकते, ती तोंडाच्या जाळीपर्यंत न्यायची. पान १३ च्या दुरुस्त विमानावरचं चिन्ह उलटं झालंय, आरशात पाहिल्यासारखं, ते नव्याने काढायचं. सुधारलेली प्रत २५ तारखेला.